मुळा-मुठेपासून जामपर्यंत

पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षे झाली आहेत. तुम्ही पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठावर उभे आहात. भोयांनी जाळे ओढले आहे आणि ओल्या वाळूवर एक मोठा मासा तडफडतो आहे. रुंद खवले, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणारे लष्करी अधिकारी विल्यम साइक्स इथल्या माशांची वर्णने तयार करत आहेत. तुम्हीही खाली बसा. मासा मेला की रंग उतरू लागतो, म्हणून आधी रंग टिपून घ्या. मग पाठीवरच्या परातले काटे मोजा, खवल्यांची ओळ मोजा. 1839 मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात या माशाचे वर्णन छापून येईल आणि जगभर तो ‘खुद्री’ या नावाने ओळखला जाईल.

नदीबरोबर पुढे भीमेपर्यंत चला आणि तिथली जाळी पाहा. आपण ज्याला चिलापी म्हणतो, तो मासा एकाही जाळ्यात नाही.

त्याच्यासाठी समुद्र ओलांडावा लागेल. 1840चे दशक, आफ्रिकेतले मोझांबिक. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स 1842 ते 1848 या काळात हा मुलूख धुंडाळत आहेत. गोड्या पाण्यातला एक काळपट नर पाहा: गळा पांढुरका, परांच्या कडा लालसर. मादीचे तोंड फुगलेले आहे, कारण अंडी आणि पिल्ले ती तोंडातच सांभाळते. 1852 मध्ये पीटर्स या माशाचे वर्णन प्रसिद्ध करतील आणि त्याच्या नावात मोझांबिक कायमचे राहील.

आता बरोबर शंभर वर्षे पुढे या. 1952. तमिळनाडूतल्या मंडपमला हाच मासा उतरवला जातो आहे. देश नुकता स्वतंत्र झाला आहे, स्वस्त आणि भरपूर प्रथिने हवी आहेत, आणि हा मासा कुठल्याही डबक्यात वाढतो. पण तोंडात सुरक्षित वाढलेली पिल्ले मोठ्या संख्येने जगतात. तळी भरून जातात, मासे खुरटतात आणि स्थानिक माशांना जागा उरत नाही. 1959 मध्ये त्याच्या प्रसारावर निर्बंध येतात, तेव्हा उशीर झालेला असतो. 1980 मध्ये भीमेवर उजनीचे धरण पूर्ण होते. पुढे त्याच पाण्यातून चिलापीचे ढीग भिगवणच्या बाजारात येऊ लागतात.

हा बदल आपल्याला दिसतो, कारण जुन्या भीमेत काय होते ते कुणीतरी मोजून लिहिले होते. साइक्स यांच्या अनेक जातींचे मूळ नमुने आज सापडत नाहीत. संशोधकांना त्याच नद्यांवर जाऊन, तेच वर्णन हातात धरून मासे पुन्हा ताडून पाहावे लागतात. नमुना हरवला तरी नेमके वर्णन कामी येते.

शेवटचा मुक्काम आजचा: जाम नदी. एका काठाला सावरगाव, दुसऱ्या काठाला 2023 मध्ये जिल्ह्याचे ठिकाण झालेले मध्य प्रदेशातले पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे, म्हणजे दोन्ही काठांमधल्या दगडफेकीमुळे, ही नदी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यातल्या माशांकडे मात्र फार कमी लोक निरखून पाहतात. कुणाच्या जाळ्यात काही लागले, तर आधी नाक पाहा. चिलापीच्या कुळातल्या माशाला दोन्ही बाजूंना एकेकच नाकपुडी असते. मग कुशीवरची रेघ पाहा: ती मध्ये तुटून खालच्या ओळीत पुन्हा सुरू होते. पाठीवर साधारण पंधरा ते सतरा काटे भरतील. शेपटीवर स्पष्ट उभे पट्टे असतील, तर ती नाईल नदीची चिलापी, मोझांबिकची नव्हे. रेघ सलग असेल आणि तोंडाशी मिशा असतील, तर मासा दुसऱ्याच कुळातला आहे. मासेमारांकडून त्याचे गावातले नाव विचारून घ्या.

तारीख, जागा, लांबी, रंग, काट्यांची संख्या: सगळे वहीत उतरवा आणि सोबत फोटो ठेवा. दोनशे वर्षांनी कुणी जामची जुनी ओळख शोधत आले, तर त्याला तुमची नोंद लागणार आहे.