दोन आण्यांची पिग्मी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात 'पिग्मी' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दिवेलागणीला दुकानाच्या फळीपाशी येऊन उभा राहणारा, दहा-वीस रुपये घेऊन त्यांची नोंद करून देणारा गृहस्थ 'पिग्मीवाला' म्हणूनच ओळखला जातो. मराठी घरात हा शब्द मराठी वाटतो, कन्नड घरात कन्नड. वास्तविक तो इंग्रजी. अर्थ ठेंगू, बुटका. आपल्या बाजारपेठेत तो रुळला त्यामागे उडुपीच्या एका लहानशा बँकेचा इतिहास आहे.

१९२५ साली उडुपीत 'कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट' नावाची संस्था सुरू झाली. पुढे हीच सिंडिकेट बँक झाली. तेव्हा उडुपी मद्रास इलाख्याच्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होते. संस्थापक तिघे : व्यापारी उपेंद्र अनंत पै, इंजिनिअर वामन श्रीनिवास कुडवा आणि डॉक्टर टी. एम. ए. पै. घरात कोकणी आणि बाजारात तुळू-कन्नड बोलणारी ही माणसे. सुरुवातीचे भांडवल होते अवघे ८,००० रुपये. त्या काळी किनाऱ्यावरचा हातमागाचा धंदा संकटात सापडला होता. विणकराला सूत घ्यायला पैसा हवा होता. तो पैसा गावातल्याच लहान बचतींतून उभा करायचा, ही संस्थेमागची कल्पना.

पण लहान माणूस बँकेत येणार कसा? त्याचा पैसा रोज येतो आणि रोज जातो. बँक उघडी असते त्या वेळी तो मागावर, शेतात किंवा हातगाडीवर असतो. शिवाय काचेपलीकडचा कारकून, इंग्रजी फॉर्म आणि सही यांची धास्ती वेगळीच. तेव्हा माणसाने बँकेकडे जाण्याऐवजी बँकेनेच त्याच्या दारी जावे, असे ठरले. १९२८ साली पिग्मी ठेव योजना सुरू झाली. बँकेचा एजंट दररोज दारोदार फिरे आणि दोन आण्यांइतकी लहान रक्कमही आनंदाने स्वीकारी.

दोन आण्यांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. महिन्याचे तीन रुपये बारा आणे. वर्षाचे पंचेचाळीस रुपये दहा आणे, व्याज निराळे. एकरकमी एवढे पैसे बाजूला टाकणे ज्याला जन्मात जमले नसते, त्याच्या हाती वर्षअखेर ते येत. बँकेलाही दुहेरी लाभ होता. ठेव मिळेच, शिवाय रोजच्या फेरीत कोण नेमाने पैसे टाकतो, कोणाचा धंदा मंदावला आहे, हे एजंटाला आपसूक कळे. ज्याच्याजवळ तारण नाही, त्याची पत जोखायला याहून चांगले साधन कोणते? सावकार माणसाची अडचण ओळखून कर्ज देई. पिग्मीने माणसाचा नेम ओळखायला शिकवले.

आपल्या जिल्ह्यात या रोपट्याला जमीन तयार होती. गोकाक अर्बन ही पतसंस्था १५ फेब्रुवारी १९०६ रोजी आणि बेळगाव पायोनियर २३ फेब्रुवारी १९०६ रोजी नोंदली गेली. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर देशात उभ्या राहिलेल्या पहिल्या नागरी संस्थांत या दोघींची गणना होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या भरवशावर पैसा ठेवण्याची सवय इथे होतीच. पुढे पिग्मीची रीत सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनीही उचलली, आणि शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीपासून खडेबाजारच्या दुकानांपर्यंत ती जाऊन पोहोचली.

या फेरीत सर्वांत जास्त पायपीट ज्याची, त्याची दखल मात्र उशिरा घेतली गेली. एजंटाला पगार नव्हता, कमिशन होते. तो बँकेचा नोकर की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला. औद्योगिक न्यायाधिकरणाने १९८८ मध्ये निवाडा दिला. अखेर १३ फेब्रुवारी २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे ठेवगोळे कायद्याच्या व्याख्येत 'कामगार'च आहेत आणि त्यांचे कमिशन म्हणजे वेतनच होय, असे ठरवले.

बँक दरम्यान मोठी झाली. १९६९ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी उत्तर प्रदेशात मुरादाबादला देशातली पहिली प्रादेशिक ग्रामीण बँक, 'प्रथमा', निघाली ती हिच्याच पुरस्काराने. आणि १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. उडुपीचीच कॉर्पोरेशन बँक त्याच दिवशी युनियन बँकेत गेली. मंगळूरची विजया बँक वर्षभर आधीच, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली निघालेल्या बँक ऑफ बडोद्यात मिसळली होती. ज्या बँकेने पिग्मी आणली तिची पाटी उतरली. पिग्मी हा शब्द आपल्या गल्लीत राहिला.

शब्द राहिला म्हणून विश्वास आपोआप राहतो असे नाही. पतसंस्था बुडाल्याच्या कहाण्या सीमेच्या दोन्ही बाजूंना ऐकू येतात. अशा वेळी संचालक भेटत नाहीत. लोक धरतात ते रोज दारात येणाऱ्याला. त्याने तर आपल्या ओळखीवर पैसे गोळा केलेले असतात. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विम्याचे संरक्षण आहे. २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दोन्हींचे पिग्मीवाले सारखेच दिसतात, फरक पासबुकावरच्या नावात असतो.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. उडुपीची कल्पना निव्वळ बचतीची नव्हती. गल्लीतला पैसा गल्लीतल्याच मागासाठी वापरायचा, ही तिची दुसरी बाजू होती. आज ठेवी गोळा करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांतली कोणती संस्था आपल्या विणकराला, भाजीवालीला, नव्याने दुकान घालणाऱ्या तरुणाला कर्ज देते, हे विचारण्याचा हक्क रोज दहा रुपये टाकणाऱ्यालाही आहे. लक्ष्मीपूजनाला वहीसोबत पिग्मीच्या पासबुकालाही हळदकुंकू लावतानाच हा प्रश्न मनाशी ठरवावा आणि पाडव्यानंतर पिग्मीवाला दारात आला की त्याला विचारावा. त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर संस्थेच्या वार्षिक सभेत विचारावा. सभासद म्हणून तिथे बसायची जागा आपलीच आहे.