लोहखनिज : मागणी परदेशी, जमीन गोव्याची

गोव्यातील लोहखनिजाचा व्यवसाय जवळजवळ पूर्णपणे निर्यातीसाठीच वाढला. पोर्तुगीज राजवटीत मिळालेल्या खाण-सवलतींवर तो उभा राहिला आणि महायुद्धानंतर पोलाद उद्योगाची फेरउभारणी करणारा जपान त्याचा प्रमुख ग्राहक झाला. डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील खनिज मांडवी-झुवारीतून बार्जने मुरगावला जाई व तेथून जहाजात चढे. १९५४ मध्ये इटालियन भांडवलातून सुरू झालेली सेसा गोवा १९९६ मध्ये जपानच्या मित्सुईकडे आणि २००७ मध्ये वेदांताकडे गेली, यावरूनही या धंद्याची सूत्रे कोठे होती ते कळते.

खनिज कशाला म्हणावे, हेदेखील बाजारच ठरवतो. गोव्याच्या मातीत कमी लोहांशाचा चुरा मोठ्या प्रमाणात आहे. तो फारसा विकला जात नसल्याने डोंगरउतारांवर ढीग करून ठेवला जाई. २००० नंतर चीनच्या पोलाद भट्ट्यांची भूक वाढली. उच्च प्रतीच्या खनिजात मिसळून असा हलका मालही तेथे वापरता येऊ लागला आणि कालचा टाकाऊ ढीग रातोरात धन झाला. १९९०च्या दशकात दीड कोटी टनांच्या आसपास असणारी वार्षिक निर्यात २०१०-११ मध्ये, कर्नाटकातून आलेल्या मालासह, पाच कोटी टनांपलीकडे गेली. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी यांवर गावेच्या गावे जगू लागली. हा रोजगार खरा होता आणि त्यासाठी काढलेली कर्जेही खरी होती.

न्या. शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे स्पष्ट केले. म्हणजे तेजीची ऐन वर्षे कायद्याबाहेरची ठरली. न्यायालयाने वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याचा दहा टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द झाले आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा थंडावल्या.

सर्वांत कमी बोलले जाते ते पाण्याविषयी. एक टन खनिजासाठी साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो. पावसाळ्यात या ढिगांचा गाळ ओहोळांतून भातशेतीत उतरतो आणि लाल चिखल बसलेले शेत सहजी पिकत नाही. दुसरी हानी जमिनीखालची. गोव्यात लोहखनिजाचा सच्छिद्र थर हाच अनेक ठिकाणी भूजलाचाही साठा असतो. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की खोदकाम चालू ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी आटतात. लईराई देवीच्या जत्रेसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिरगावने हे अनुभवले आहे. तेथील विहिरींचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला.

डिसेंबर २०२२ पासून खाणपट्टे लिलावाने देण्यात येत आहेत. पहिल्या टप्प्यात डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि काले हे चार पट्टे होते. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने लोहखनिजावर ५० टक्के निर्यात शुल्क लावले होते. नोव्हेंबरमध्ये ५८ टक्क्यांहून कमी लोहांशाच्या मालावरील शुल्क रद्द झाले. गोव्याचा बराचसा माल याच वर्गात मोडतो.