मार्बरीचें चीन-पर्व

इ. स. २०१२ मध्यें बीजिंग शहरांत एका बास्केटबॉलपटूचा पुतळा उभा राहिला. हयात माणसाचा, तोहि अद्याप मैदानांत उतरणाऱ्या माणसाचा पुतळा उभारणें आपल्याकडील वडील मंडळींना थोडें अशुभच वाटेल. परंतु याहून मोठें नवल असें कीं, हा खेळाडू चिनी नव्हता. न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तींत वाढलेला तो कृष्णवर्णीय अमेरिकन. बीजिंगच्या संघांत येऊन त्याचा एकच हंगाम झाला होता. आणि तीन वर्षांपूर्वीं त्याच्या जन्मगांवीं त्याचें नांव हा टवाळीचा विषय होऊन बसला होता. स्टीफन मार्बरी हें तें नांव.

‘पिकतें तेथें विकत नाहीं’ ही म्हण अशा वेळीं सहज ओठांवर येते, आणि मार्बरीविषयीं वाचूं लागलों तेव्हां माझ्याहि मनांत प्रथम तीच आली. परंतु त्याचें चरित्र जसजसें पुढें वाचीत गेलों, तसतशी ती मला अपुरी वाटूं लागली. मार्बरी स्वदेशीं विकला गेला नाहीं, असें कसें म्हणावें? तो तर पुन्हां पुन्हां विकला गेला.

कोनी आयलंड हा ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाचा समुद्रकांठ. न्यूयॉर्ककर उन्हाळ्यांत तेथें पाळण्यांत बसावयास आणि वाळूंत लोळावयास जातात. त्या जत्रेच्या पलीकडे सरकारनें गरिबांसाठीं बांधलेल्या उंच, उदास इमारती आहेत. १९७७ च्या फेब्रुवारींत जन्मलेला मार्बरी या वस्तींत वाढला. सात भावंडांतील हा सहावा. त्याचे तिघे थोरले भाऊ उत्तम खेळत, ‘एन्. बी. ए.’ या व्यावसायिक संघांच्या सर्वोच्च मंडळांत जाण्याचें स्वप्न तिघांनींहि पाहिलें आणि तिघांचेंहि भंगलें. थोरल्यांचीं पुस्तकें धाकट्यास यावीं, तशी त्यांची अपुरी आशा स्टीफनच्या वांट्यास आली. तो केवळ चौदा वर्षांचा असतांना त्याच्यावर खिळलेल्या लोकांच्या नजरांचें वर्णन डार्सी फ्रे यांच्या १९९४ सालच्या ‘द लास्ट शॉट’ या पुस्तकांत आलें आहे. १९९६ मध्यें, एकोणीस वर्षांच्या वयांत, त्यानें घरची ती आशा पुरी केली.

अमेरिकन संघ नवोदित खेळाडूंची निवड पाळीपाळीनें करतात. मार्बरीला चवथ्या पाळीस मिलवॉकीनें निवडलें आणि त्याच रात्रीं रे ॲलन या खेळाडूच्या बदल्यांत मिनेसोटास देऊन टाकलें. अशी देवघेव तेथें नित्याचीच. करार एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि करारामागोमाग माणूस. १९९९ मध्यें न्यू जर्सी, २००१ मध्यें फीनिक्स, २००४ च्या जानेवारींत न्यूयॉर्क. मिनेसोटा सोडण्याचा हट्ट त्याचा स्वतःचाच होता, हें येथें सांगितलें पाहिजे. सारा दोष बाजारावर ढकलतां येणार नाहीं. तो चेंडू पुढें नेऊन डाव मांडणारा खेळाडू होता. एन्. बी. ए. मधील त्याची सरासरी दर सामन्यास १९.३ गुण आणि ७.६ यशस्वी ‘असिस्ट’, म्हणजे सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारे पास, अशी आहे. तरीहि तो आपल्यापुरतें पाहणारा आहे, हा शिक्का त्याच्यावर बसला. दूर चीनमधील क्रीडारसिकांनीं तर त्याला ‘एकला लांडगा’ असेंच टोपणनांव दिलें होतें.

स्वतःच्या शहराच्या संघांत येणें हें त्याच्या सुखाचें शिखर ठरावयाचें. तेथेंच त्याचा कडेलोट झाला. एकामागून एक प्रशिक्षकांशीं खटके उडाले. २००७ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कमध्यें त्याचा सामना चालू असतांनाच त्याचे वडील वारले, आणि ही वार्ता त्याला खेळ संपल्यावर समजली. पुढच्या वर्षीं नव्या प्रशिक्षकानें त्याला खेळविणेंच सोडलें. दोन कोटी डॉलरांहून अधिक वार्षिक वेतन घेऊन बाकावर बसून राहणारा माणूस लोकांना हास्यास्पद दिसतो. त्याच्या मनांत काय चाललें असेल, हें कोणी विचारीत नाहीं. २००९ मध्यें थोडे दिवस तो बॉस्टनकडून खेळला. ज्याच्या बदल्यांत तो एकदां दिला गेला होता तो रे ॲलन तेथें त्याचा सहकारी होता. एव्हांना ॲलनची गणना श्रेष्ठांत होत होती. त्याच उन्हाळ्यांत मार्बरीनें आपलें चोवीस तासांचें जीवन इंटरनेटवरून जगास दाखविलें. त्यांतील त्याचें रडणें आणि व्हॅसलिन खाणें पाहून जग हंसलें.

त्याची एक वेगळी बाजूहि सांगितली पाहिजे. नामांकित खेळाडूंच्या नांवाचे जोडे शंभर डॉलरांच्या वर विकले जात, त्या काळांत, २००६ मध्यें, त्यानें आपल्या नांवाचा जोडा १४ डॉलर ९८ सेंटांस विकावयास लावला, आणि तोच पायांत घालून तो सामन्यांत उतरे. कोनी आयलंडच्या मुलांच्या आया जोड्याच्या दुकानांत किंमत पाहून कशा थबकतात, हें तो विसरला नव्हता.

२०१० च्या जानेवारींत तो चीनच्या शान्शी प्रांतांतील तैयुआन शहरीं दाखल झाला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख, तेथें कडाक्याची थंडी, आणि संघ सामान्य प्रतीचा. बास्केटबॉल मात्र चीनला नवा नव्हता. १८९१ मध्यें अमेरिकेंत जेम्स नेस्मिथनें हा खेळ काढला, आणि चारच वर्षांत ख्रिस्ती तरुणांच्या वाय्. एम्. सी. ए. या संस्थेमार्फत तो तिएन्त्सिन बंदरीं पोंचला होता. चिनी व्यावसायिक संघांचें मंडळ १९९५ मध्यें निघालें, आणि उतारवयाचे अमेरिकन तेथें एखाददुसरा हंगाम खेळून पैसे गांठीं बांधून परत जात. मार्बरीहि त्यांतलाच, असें लोकांनीं धरलें असल्यास नवल नाहीं. वर्ष संपतें न संपतें तोंच शान्शीनें त्याला मोकळें केलें. मग दक्षिणेंत फोशान येथें एक हंगाम. म्हणजे परदेशींहि प्रथम वांट्यास आला तो तोच जुना फेरा.

२०११ मध्यें त्याला बीजिंगनें घेतलें. त्या वेळच्या चिनी नियमांप्रमाणें संघांत परदेशी खेळाडू दोघेच, आणि त्यांच्या खेळण्याच्या वेळेसहि मर्यादा. माझ्या मतें मार्बरीच्या भाग्योदयाचें बीज या नीरस नियमांत आहे. परदेशी पाहुण्यानें कितीहि गुण मिळविले तरी स्थानिक पोरें खेळलीं नाहींत तर संघ हरणार. तेव्हां चौतीस वर्षांच्या या खेळाडूला त्यांना खेळतें करणें भागच होतें. त्याला चिनी भाषा फारशी आली नाहीं. पण तो शहराच्या भुयारी रेल्वेंत लोकांत मिसळून प्रवास करी, आणि हें बीजिंगकरांच्या ध्यानांत राहिलें.

त्या हंगामाचे पहिले तेरा सामने बीजिंगनें ओळीनें जिंकले. अंतिम फेरींत गांठ पडली ती गेल्या आठ वर्षांत सात वेळां विजेता ठरलेल्या ग्वांग्डोंगशीं. ३० मार्च २०१२ रोजीं निर्णायक सामना १२४-१२१ असा संपला; एकट्या मार्बरीचे गुण ४१. बीजिंगचें हें पहिलेंच विजेतेपद होतें. २०१४ आणि २०१५ मध्यें तें पुन्हां मिळालें. २०१४ मध्यें शहरानें त्याला सन्माननीय नागरिक केलें, आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यांत परकीयांना क्वचितच मिळणारा कायम वास्तव्याचा परवानाहि त्याला मिळाला. परंतु मला यांपेक्षां लोकांनीं दिलेली पदवी अधिक बोलकी वाटते. पूर्वींच्या ‘एकल्या लांडग्या’ला ते आतां ‘कमिसार’ म्हणूं लागले. चिनी सैन्यांत शिपायांचें मनोधैर्य सांभाळणारा जो पक्षाचा अधिकारी असतो, त्याचें हें नांव.

तरी बीजिंग म्हणजे कांहीं स्वर्ग नव्हे. २०१७ मध्यें, तो चाळिशीस पोंचल्यावर, संघानें त्याला खेळ सोडून साहाय्यक प्रशिक्षक होण्यास सुचविलें. त्यानें तें मानलें नाहीं आणि त्याच शहरांतील दुसऱ्या, दुबळ्या संघांत तो गेला. पुतळा करणाऱ्यांसहि खेळाडूचें वय मोजावेंच लागतें. फरक एवढाच कीं, या वेळीं त्याला कोणी कोणाच्या बदल्यांत दिलें नाहीं. ११ फेब्रुवारी २०१८ रोजीं तो शेवटचा सामना खेळला. २०१९ मध्यें त्याच दुबळ्या संघाचा तो मुख्य प्रशिक्षक झाला.

२०२० च्या वसंतांत करोनाच्या सांथीनें न्यूयॉर्क हवालदिल झालें. तेथें मुखपट्ट्यांचा दुष्काळ, आणि व्यापारी मागतील ती किंमत. त्या वेळीं मार्बरी चीनमध्यें होता. तेथील एका उत्पादकाकडून एक कोटी मुखपट्ट्या मूळ किंमतींत, प्रत्येकीं पावणेतीन डॉलरांस, आपल्या शहरास मिळवून देण्याच्या खटपटीस तो लागला. कोनी आयलंडांत त्याचे नातलग अद्याप राहत होते.