भाकरीतला चोथा आणि पोटातले जिवाणू

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कोरडवाहू तालुक्यांत शाळू दोघांसाठी पेरला जातो. दाणा माणसाला, कडबा जनावराला. कडबा म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि तसलेच इतर तंतू. माणसाने तो कितीही चावला तरी अंगी लागणार नाही, बैल मात्र त्यावर औत ओढतो. खरे तर बैलाच्या शरीरातही सेल्युलोज तोडणारे पाचक विकर तयार होत नाही. ते काम त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू करतात. वजडी साफ करताना निघणारा हिरवा, आंबूस वासाचा चोथा आपल्या आई-आजीने हाताने धुतलेला आहे. तो चोथा म्हणजे जिवाणूंचे अर्धवट राहिलेले काम.

माणसाच्या पोटातही असा कारखाना आहे. फरक इतकाच, की बैलात तो सुरुवातीला असतो आणि आपल्यात शेवटी, म्हणजे मोठ्या आतड्यात.

भाकरीतला स्टार्च तोंडातली लाळ आणि लहान आतड्यातले पाचकरस यांनी तुटतो आणि त्याची साखर रक्तात जाते. पण धान्याच्या सालीतले अरॅबिनोझायलन, भाज्या-फळांतले पेक्टिन, कडधान्यांतले रॅफिनोज यांचे दुवे आपल्याला तोडता येत नाहीत. पिष्टमय पदार्थ पचवण्यासाठी माणसाकडे जेमतेम वीसेक विकरे आहेत. उलट बॅक्टेरॉइड्स थीटाआयोटाओमायक्रॉन या आतड्यातल्या एकाच जिवाणूकडे अशी अडीचशेहून अधिक विकरे आहेत. म्हणून जे आपल्याला पचले नाही ते पुढे सरकते आणि तिथे प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंच्या हाती पडते.

तिथे एकटा कोणी सगळे करत नाही. काही जिवाणू लांब साखळ्यांचे तुकडे करतात, काही त्या तुकड्यांवर जगतात, तर काही दुसऱ्यांनी टाकलेल्या आम्लांवर. या आंबवण्यातून प्रामुख्याने तीन आम्ले तयार होतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. ॲसिटेट रक्तावाटे शरीरभर जाते, प्रोपिओनेट बहुतेक यकृतात वापरले जाते. ब्युटिरेट सर्वांत महत्त्वाचे, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक त्यातून मिळते. आपण चोथा म्हणून हिणवतो त्यावर आपल्याच आतड्याची भिंत जगते. या आम्लांमुळे आतड्यातला आंबटपणा वाढतो आणि काही रोगकारक जंतूंना तिथे तग धरणे अवघड होते. पिठले किंवा उसळ खाल्ल्यावर होणारा गॅस हे याच कामाचे उप-उत्पादन. तो त्रास देतो, पण आजार नव्हे.

सगळेच तंतू आंबत नाहीत. कोंड्यातले सेल्युलोज बरेचसे तसेच राहते, पाणी धरून ठेवते आणि मल मऊ करते. शरीराला दोन्ही प्रकार लागतात.

पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेतील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रेव्होटेला हा गट ठळकपणे आढळला. धान्य, डाळी, भाजी असा वनस्पतिजन्य आहार असलेल्या समाजांत हा गट जगभर जास्त दिसतो, कारण तो वनस्पतींचे तंतू तोडण्यात तरबेज आहे.

आता ज्वारी की गहू या वादाकडे येऊ. ‘चपाती आली आणि तब्येती बिघडल्या’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्ते वेगळेच सांगतात. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास, आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही सुमारे ११. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात मात्र ३ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे गव्हाला दोष देण्यात अर्थ नाही. नुकसान बारीक चाळणीने, मैद्याच्या पावाने आणि निव्वळ भातावर काढलेल्या दिवसांनी होते.

इथे प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि त्याचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण त्यात गहू किती, तांदूळ किती, हे वर ठरते आणि बदलत राहते. माणशी ३ किलो तांदूळ म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम. त्यातून तंतू मिळतात ३ ग्रॅमही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सुचवले आहेत. उरलेले डाळ, उसळ, पालेभाजीतून यायला हवेत, आणि मजुरीचे दिवस भरले नाहीत की घरात आधी कमी होते तीच डाळ-भाजी. कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती. जतच्या पलीकडे कर्नाटकाने आपल्या उत्तर भागात रेशनवर ज्वारी दिली आहे. शाळू पिकवणाऱ्या आपल्या तालुक्यांना ती कायम का मिळू नये, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

तंतू कमी पडले की जिवाणू उपाशी राहत नाहीत. ते आतड्याच्या भिंतीवरचा चिकट संरक्षक थर खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका प्रयोगात उंदरांच्या चार पिढ्यांना जिवाणूंना लागणारे तंतू फार कमी असलेला आहार दिला, तेव्हा काही जिवाणू कायमचे नाहीसे झाले. नंतर तंतू देऊनही ते परतले नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरी वसतिगृहात भात आणि पाच रुपयांच्या पुड्यांवर वाढणाऱ्या मुलांचा विचार करताना हा प्रयोग विसरता येत नाही.

शिळ्या भाकरीबद्दलही सांगायला हवे. शिजलेला स्टार्च थंड झाल्यावर त्याचा काही भाग लहान आतड्यात न पचणारा होतो आणि तो जिवाणूंना मिळतो. हे विज्ञान बरोबर आहे. पण आपल्या आजीने शिळे तुकडे खाल्ले ते पोषणशास्त्र म्हणून नव्हे, दुसरे नव्हते म्हणून. त्या सक्तीला आज ‘पारंपरिक शहाणपण’ म्हणणे मला पटत नाही.

तंतू वाढवायचे तर हळूहळू. एकदम उसळी सुरू केल्या तर पोट फुगते, जिवाणूंना जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. पीठ चाळू नये, किंवा जाड चाळणीने चाळावे. सोबत पाणी हवेच. ऊसतोडीला किंवा रोजंदारीला जाणाऱ्या बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळतात. त्यांना नुसता ‘कोंडा खा’ हा सल्ला उलट बद्धकोष्ठता वाढवतो. प्रतिजैविके आतड्यातले हे जिवाणूही मारतात, म्हणून मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नयेत. आणि शौचातून रक्त, विनाकारण घटणारे वजन किंवा काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल दिसला, तर आहारावर न सोडता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.