पान्यांच्या पेटीतला इतिहास

गॅरेजमध्ये नव्याने कामाला लागलेल्या मुलाचे पहिले काही महिने पाने देण्या-घेण्यातच जातात. गाडीखालून उस्तादांची हाक येते, "बारा-तेरा दे." थोड्या वेळाने "सोळा-सतरा आण." आणि एखादी जुनी गाडी आलेली असली तर, "तो चार सुती बघ रे जरा." मुलगा पेटीत हात घालतो, दोन-तीन पाने उचलून आकडे वाचतो आणि बहुतेक वेळा चुकीचा पाना देऊन बोलणी खातो. काही महिन्यांत त्याच्या बोटांनाच आकार कळू लागतात आणि त्याचे काम सुरळीत होते. पण पेटीत बारा आणि तेरा असे दोन्ही पाने का लागतात, काही मापे मिलिमीटरमध्ये आणि काही सुतांत का सांगतात, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. या प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत. त्या इतिहासाचा बराच भाग इगतपुरीसारख्या एका गावाच्या आधाराने सांगता येईल, असे आम्हाला वाटते.

प्रत्येक नट आपापल्या बोल्टचा

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नट-बोल्ट होते, पण त्यांची मापे ठरलेली नव्हती. प्रत्येक कारखाना आपल्या सोयीने आटे पाडत असे. यंत्र उघडले की कोणता नट कोणत्या बोल्टचा याची खूण करून ठेवावी लागे. नट बदलले गेले तर यंत्र पुन्हा जोडणे अवघड होई. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्ले या कारागिराने आटे पाडण्याचे अचूक लेथ यंत्र घडवले. त्यामुळे एकसारखे आटे हवे तितक्या वेळा पाडणे शक्य झाले. पण 'एकसारखे' म्हणजे कोणासारखे, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर मॉड्स्लेच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने दिले. त्याने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि त्यांच्या मधली अशी मापे काढली. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला दर इंचाला ठरावीक आटे, अशी ही योजना त्याने १८४१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. सर्वोत्तम आटा कोणता, या वादात तो पडला नाही. सगळ्यांना थोडाफार बदल करून स्वीकारता येईल असा आटा त्याने सुचवला. म्हणूनच पुढच्या वीसेक वर्षांत ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांनी आणि कारखान्यांनी तो उचलला.

घाट चढून आलेले आटे

याच काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सह्याद्री चढत होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आखणीनुसार थळ घाटाचे काम झाले. काम पूर्ण झालेले पाहायला मात्र ते राहिले नाहीत. १८६२ साली त्यांचे निधन झाले आणि कसारा ते इगतपुरी हा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. सुमारे १५ किलोमीटर अंतरात गाडी जवळजवळ ३०० मीटर वर चढते. सर्वांत कठीण चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. एवढ्या चढासाठी जादा इंजिने जोडावी लागतात, आणि उतरताना ब्रेकची कसोटी लागते. त्यामुळे घाटमाथ्यावरचे इगतपुरी हे इंजिनांची देखभाल करणारे गाव झाले.

हे देखभालीचे काम नेमके कशावर अवलंबून होते? इंजिने ब्रिटनमधून बोटीने येत होती. घाटात झिजलेला एखादा बोल्ट बदलायचा, तर नवा बोल्ट हजारो मैलांवरून आला तरी जुन्या नटात बसायला हवा. ठरलेले आटे नसते, तर प्रत्येक सुट्या भागासाठी तिथल्या तिथे नवा नट-बोल्ट घडवावा लागला असता. बोगदे आणि पूल यांचे कौतुक आपण करतो, ते योग्यच आहे. पण हा लोहमार्ग रोजच्या रोज चालू राहिला त्यामागे कोठारात तयार ठेवलेल्या, एकमेकांच्या जागी बसणाऱ्या नट-बोल्टांचाही वाटा होता.

त्या मापांची भाषा आपल्या कारागिरांनी आपलीशी केली. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. सुतार, गवंडी आणि फिटर यांच्या तोंडी हे माप आजही आहे. बांधकामावर दहा मिलिमीटरच्या सळईला 'तीन सुती' म्हणणारे लोक अजून भेटतात.

एकच आकडा, दोन पाने

इथे एक गंमत सांगायला हवी. व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावर जो आकडा असतो, तो पान्याच्या तोंडाचा नसतो. तो बोल्टच्या जाडीचा असतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टवरचा नट अर्थातच त्याहून मोठा असणार. म्हणून 'अर्धा इंच व्हिटवर्थ' असे लिहिलेल्या पान्याचे तोंड सुमारे २३ मिलिमीटर रुंद असते. अमेरिकन पद्धतीत मात्र नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंतले अंतर पान्यावर लिहितात. त्यामुळे 'अर्धा इंच' असा अमेरिकन पाना १२.७ मिलिमीटरचा. दोन्ही पान्यांवर अर्धाच इंच लिहिलेला, पण एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! दोन्ही पद्धतींत तर्क आहे. एक बोल्टच्या बाजूने विचार करते, दुसरी नटाच्या. पण दोन्ही पाने एकाच पेटीत पडले की नव्या मेकॅनिकचा गोंधळ होणारच.

आटेही वेगळे होते. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंशांच्या कोनाचा आटा सुचवला आणि अमेरिकेने तो स्वीकारला. ६० अंश हा समभुज त्रिकोणाचा कोन, त्यामुळे तो तपासायला आणि पाडायला सोपा. पण याचा परिणाम असा झाला की ब्रिटिश आणि अमेरिकन बोल्ट एकमेकांच्या नटांत नीट बसेनात. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांची यंत्रसामग्री एकत्र वापरायची वेळ आली, तेव्हा ही अडचण फारच जाणवली. अखेर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एका सामाईक आट्यावर करार केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९४७ मध्ये, आंतरराष्ट्रीय मानक संघटना स्थापन झाली होती. तिच्या तांत्रिक समित्यांत पहिल्या क्रमांकाची समिती आहे ती आट्यांची.

मुंबई-आग्रा रस्त्यावरची तीन घराणी

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत कसारा घाट चढून इगतपुरीला येणाऱ्या वाहनांचा विचार करू. टाटांनी १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बनवल्या. त्यांचे नट-बोल्ट जर्मन, म्हणजे मिलिमीटरचे. महिंद्रांची जीप मूळची अमेरिकन, म्हणजे तिला अमेरिकन इंचाचे पाने. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेली एन्फिल्ड मोटरसायकल मूळची ब्रिटिश, म्हणजे तिला व्हिटवर्थ घराण्याचे पाने. रस्ता एक, पण पान्यांची घराणी तीन. त्या काळच्या मेकॅनिकची पेटी जड असे ती उगाच नव्हे.

भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली आणि १९६२ पर्यंत बाजारातली वजने-मापे बदलली. भाजीवाल्याचा शेर जाऊन किलो आला. पण आधीच धावत असलेल्या गाडीतला बोल्ट कायद्याने बदलत नाही. ती गाडी भंगारात जाईपर्यंत तिचा पाना पेटीत ठेवावाच लागतो.

दोन मानके एका ठिकाणी भेटली की काय किंमत पडते, हे इगतपुरीने आणखी एका प्रकारे अनुभवले आहे. मुंबईकडून १९३० साली इथवर आलेली वीज १५०० व्होल्टची आणि एकदिश होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळच्या बाजूने आलेली वीज २५,००० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती होती. त्यामुळे २००६ साली घाटातली वीज बदलेपर्यंत कित्येक गाड्यांना इगतपुरीला थांबून इंजिन बदलावे लागे. प्रवासी त्या वेळात वडे खात आणि चहा पीत, पण ती दोन मापांमधली दरी होती.

बारा की तेरा?

आता सगळे मिलिमीटरवर आले, तर एकाच मापाचे पाने पुरायला हवेत. तसेही झाले नाही. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १३ मिलिमीटरचे असते. जपानी वाहनांत त्याच बोल्टचे डोके बहुधा १२ चे असते. १० मिलिमीटरच्या बोल्टला जुन्या जर्मन पद्धतीत १७ चा पाना लागे, आंतरराष्ट्रीय मानकात १६ चा आणि जपानी पद्धतीत १४ चा. १९८० च्या दशकात सुझुकी, होंडा, कावासाकी या कंपन्यांच्या सहकार्याने आपल्याकडे मोटारी आणि मोटरसायकली बनू लागल्या, आणि १२ व १४ चे पाने सतत हातात येऊ लागले. थोडक्यात, दहा, बारा, चौदा, सतरा ही ओळ जपानी आणि दहा, तेरा, सतरा, एकोणीस ही ओळ जर्मन. एका टोकाला बारा आणि दुसऱ्या टोकाला तेरा असलेला दुतोंडी पाना म्हणजे या दोन परंपरांचा शेजार आहे.

एका मिलिमीटरने एवढे काय बिघडते, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना हा प्रयोग करू द्यावा. जाड पुठ्ठ्याचा नियमित षटकोन कापा. समोरासमोरच्या बाजूंतले अंतर १२ सेंटिमीटर घ्या, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे ६.९ सेंटिमीटर येईल. दोन सरळ पट्ट्या एकमेकींना समांतर, १३ सेंटिमीटर अंतरावर ठेवा आणि मध्ये षटकोन फिरवून पहा. तो सुमारे १० अंश फिरतो आणि मग फक्त दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर अडतो. पान्याचा सगळा जोर त्या दोन कोपऱ्यांवर येतो, ते झिजतात आणि नट गोल होतो. आता पट्ट्या १४ सेंटिमीटरवर ठेवा. षटकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले अंतर सुमारे १३.९ सेंटिमीटरच असल्याने तो नुसता गरगर फिरेल. बाराचा नट तेराच्या पान्याने 'चालून जातो' असे म्हणणाऱ्याचे पुढे काय होते, ते नववीच्या भूमितीत असे दिसते.

नट झिजू नये म्हणून लागेल तेवढे तोंड उघडणारा पानाही शोधला गेला. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांनी १८९० च्या सुमारास, नटांची मापे जागोजाग वेगळी असल्याने ढीगभर पाने वाहावे लागतात म्हणून, तो आजच्या रूपात आणला. पण त्याचा एक जबडा सरकता असल्याने तो ठरावीक मापाच्या पान्याइतका घट्ट बसत नाही. म्हणून जाणता मेकॅनिक तो शेवटी काढतो. इगतपुरीपासून जवळच, नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत, टपारिया कंपनी हातहत्यारे बनवते. तिची सुरुवातही एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने झाली.

पेटी कशी लावावी

एवढा इतिहास समजला की पेटी लावण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मिलिमीटरचे आणि इंचाचे पाने एका कप्प्यात ठेवू नयेत, कारण १३ मिलिमीटर आणि अर्धा इंच यांत फरक फक्त ०.३ मिलिमीटरचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक घराण्यात पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावावेत. मापाबरोबर पान्याची लांबीही वाढते, कारण जाड बोल्टला जास्त पीळ लागतो. बोल्टची जाडी दुप्पट झाली, तर त्याला सोसणारा पीळ सुमारे आठपट होतो. म्हणजे आकाराची ओळ ही जोराचीही ओळ असते. लहान पान्याला पाइप लावून लांबी वाढवणारा माणूस ही ओळ मोडतो आणि बोल्टही तोडतो.

हातोडा, छिन्नी अशी जड हत्यारे तळाला. कानशी एकमेकींवर घासल्या की त्यांचे दात बोथट होतात, म्हणून प्रत्येक कानस वेगळ्या फडक्यात. व्हर्नियर आणि फीलर गेज यांना स्वतंत्र कप्पा. ही मोजण्याची साधने आहेत, त्यांच्यावर पकडसुद्धा पडता कामा नये. आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात सगळ्यांना तेलाचा हात.

शेवटचा नियम रिकाम्या जागेचा. प्रत्येक हत्याराला ठरलेली जागा असली, तर काम संपल्यावर काय परत आलेले नाही हे एका नजरेत कळते. विमानांच्या देखभालीत हत्याराच्या आकाराचीच खोबण कापून ठेवतात, ती याचसाठी. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे क्वांटासच्या ए-३८० विमानाच्या इंजिनात तपासणीनंतर सव्वा मीटर लांबीची नायलॉनची पट्टी राहून गेली. इंजिन फिरवण्यासाठी वापरायचे ते साधन होते. ते पुढच्या तपासणीत सापडेपर्यंत विमानाने ३४ उड्डाणे केली होती, एकूण सुमारे २९४ तास. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. हे हत्यार जागेवर नाही, हे विमान सोडण्यापूर्वी लक्षात यायला हवे होते, ते आले नाही. गॅरेजमध्ये इंजिनाच्या झाकणाखाली राहिलेला दहाचा पाना पंख्यात अडकला, तर प्रकार तोच, फक्त आकार लहान.

आपल्या वर्गातले काही विद्यार्थी उद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातील, काही गॅरेजमध्ये. गावातल्या एखाद्या मेकॅनिकला त्याच्या पेटीसह तासभर शाळेत बोलवावे, असे आम्ही सुचवू. पाने टेबलावर मांडून मुलांना त्यांची तोंडे व्हर्नियरने मोजू द्यावीत आणि वर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहू द्यावीत. एखाद्या जुन्या पान्याचे माप आणि आकडा जुळणार नाही. तो व्हिटवर्थचा निघण्याची शक्यता आहे, आणि तो कोणत्या गाडीसाठी घेतला होता ते मेकॅनिकच सांगू शकेल.