वतनातून वर्दीत: खानदेशी लग्नाच्या बँडची घडण

खानदेशात नुसते 'बँड' म्हटले, तर तो लग्नाचाच बँड असतो. धुळे-जळगाव रस्त्यावरचे पारोळा, उत्तरेला अमळनेर, पूर्वेला एरंडोल ही आसपासच्या खेड्यांची बाजारगावे. लग्नाचा बस्ता इथेच बांधला जातो आणि बँडची सुपारीही इथेच दिली जाते.

बँड येण्याआधी लग्नात वाजवणे हा धंदा नव्हता, ते बलुते होते. सनई, संबळ, डफ, हलगी वाजवण्याचे काम मुख्यतः मांग आणि महार समाजांकडे वंशपरंपरेने असे. मोबदला धान्यात मिळे, आणि नाही म्हणण्याची सोय नसे. ज्याच्या वाजवण्याने लग्न लागे, त्याला पंगतीत जागा नव्हती. पाने उठल्यावर जे वाढले जाईल ते घेऊन त्याने परतायचे. वाद्य हातात असणे हीच हलकेपणाची खूण ठरली होती. बँडचा पुढचा सारा इतिहास या अपमानाशी बांधलेला आहे.

पितळी वाद्ये इंग्रजी पलटणींबरोबर आली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. छावण्यांमधल्या बँडमध्ये देशी माणसे क्लॅरोनेट, ट्रम्पेट, साइड ड्रम शिकली. संस्थानिकांनीही आपले बँड ठेवले. पुढे वाद्ये देशातच घडू लागली: मेरठची 'नादिर अली आणि कंपनी' 1885 ची, आणि बँडवाल्यांच्या तोंडी त्या शहरातली वाद्यांची वस्ती, जली कोठी, आजही असते. लग्नांवर खर्चायचा पैसा होता तो कापसाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, 1861 ते 1865 या काळात, खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आणला. तेव्हापासून पीक चांगले आले की लग्नाचा थाट वाढतो, हे इथले जुने गणित आहे.

बँडला खरे माणूसबळ मिळाले ते मात्र सामाजिक उलथापालथीतून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची हलकी कामे सोडण्याची हाक दिली होती. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक ठिकाणी हलगी खाली ठेवली गेली. 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ गावकामगारांची वतने, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेली गावकामे, रद्द झाली. ज्यांनी वादन सोडले त्यांचा निर्णय स्वाभिमानाचा होता. ज्यांनी ते ठेवले त्यांनी त्याचे रूप पालटले. धान्याऐवजी रोख, हुकमाऐवजी करार, अंगावर लाल-निळी वर्दी, खांद्यावर सोनेरी झालर. त्या झालरीला भडक म्हणणाऱ्यांनी तिच्यामागची कित्येक पिढ्यांची उघडी पाठ पाहिलेली नसते.

असा बँड उभा राहतो तो उचलीवर. मालकाकडे वाद्ये, वर्द्या आणि गाडी असते. बहुतेकदा तो स्वतः जुना वादक असतो. हंगामाआधी तो वादकांना उचल देतो, म्हणजे पुढच्या कमाईतून वळती होणारी आगाऊ रक्कम. ती घेतली की हंगामभर दुसऱ्या बँडमध्ये जाता येत नाही. पहिली भरती घरातून आणि सोयऱ्यांतून, मग शेजारच्या गावांतून. क्लॅरोनेट किंवा ट्रम्पेट वाजवणारा मास्तर सगळ्यात महाग, कारण चाल तोच उचलतो आणि इतरांना बसवून देतो. चाल कागदावर कुठेच नसते. नवा मुलगा आधी खुळखुळे किंवा झांज धरतो, मग ढोल, आणि ओठ तयार झाले तर ट्रम्पेट. शाळा अशी हीच.

हंगाम तुळशीच्या लग्नापासून, आणि त्याचा कळस उन्हाळ्यात. मे महिन्यात पारोळ्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. दुपारच्या वरातीत ट्रम्पेटचे तोंड ओठांना चटका देते. वादक ते ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लावतो. क्लॅरोनेटची पत्ती वाळते म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये ती तोंडात भिजवत ठेवावी लागते. उष्णतेने फुंकवाद्यांचा सूरही चढतो. सुराची सगळी वाद्ये फुंकीची होती तोवर ती बरोबरच चढत आणि ऐकणाऱ्याला कळत नसे. मग गाडीवर कीबोर्ड आला, ऑक्टापॅड आला, बेंजो आणि माइकवरचा गायक आला. कीबोर्डचा सूर उन्हात हलत नाही. आता मास्तरला तोंडाच्या पकडीने आपला सूर खाली ओढून धरावा लागतो, आणि ते कौशल्य गर्दीत कुणाच्या लक्षातही येत नाही.

कीबोर्डने दोन-तीन फुंकणाऱ्यांची जागा घेतली. उरलेल्यांवर डीजेने घाव घातला. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा 2000 सालचा नियम गाडीवरच्या बँडलाही लागू आहे, त्यामुळे वरात लवकर आटोपावी लागते. गाणी मात्र जवळ आली: 'बबल्या इकस केसावर फुगे' सारखी खानदेशच्या अहिराणी बोलीतली गाणी यूट्यूबवरून थेट वरातीत उतरली आणि ज्या बोलीला गावंढळ म्हणत तीच गाडीवरच्या भोंग्यांतून गाजू लागली.

आषाढात लग्ने थांबतात. वाद्ये पेटीत जातात, वादक शेतमजुरीला लागतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर खानदेशची देवी कानबाई बसते आणि सोमवारी तिच्या विसर्जनाची मिरवणूक निघते. त्या सकाळी पेट्या पुन्हा उघडतात. पुढे गणपती, आश्विनात पारोळ्याच्या बालाजीचा रथ, आणि त्यानंतर मालक नव्या उचलीचे पैसे मोजायला बसतो.