'स्मेल अ रॅट' : एका इंग्रजी वाक्प्रचाराचे मूळ

'स्मेल अ रॅट', म्हणजे शब्दशः उंदराचा वास येणे, या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ 'फसवणुकीचा संशय येणे' असा होय. त्याचा संबंध प्लेगशी जोडण्याचा मोह होतो; परंतु कालक्रम त्यास अनुकूल नाही. १६ व्या शतकापासून तो इंग्रजीत आढळतो. सॅम्युअल बटलर यांच्या 'ह्यूडिब्रास' (१६६३) या उपहासकाव्यातही तो आहे. याउलट, प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधला आणि उंदरावरील पिसवांमार्फत होणारा संसर्ग सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविला. सबब, दृष्टीस न पडता केवळ गंधाने जाणवणाऱ्या घरातील उंदराच्या नित्य अनुभवात त्याचे मूळ मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मराठीतील 'पाणी मुरणे' हा वाक्प्रचारही अशाच अदृश्य गोष्टीच्या खुणेवर आधारलेला आहे.